घोड्याची किंमत आणि रेषेचा चढ

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस या गावचा एक विद्यार्थी आमच्या पदव्युत्तर वर्गात आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला असता तो आळीतील नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवीत असे. परत येताना त्याने एका मुलीची वही मला दाखविण्यासाठी बरोबर आणली. वहीत त्याने घातलेले उदाहरण जुनेच होते. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातील एकवर्ण समीकरणाच्या प्रकरणात ते आरंभीच येते. एकापाशी सहा घोडे आणि रोख तीनशे रुपये आहेत. दुसऱ्यापाशी त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर शंभर रुपयांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती सारखीच आहे, तर एका घोड्याची किंमत काय? मुलीने ‘६ क्ष + ३०० = १० क्ष – १००’ असे समीकरण मांडले होते; त्यावरून ‘४ क्ष = ४००’ आणि ‘क्ष = १००’ असे उत्तर बिनचूक काढले होते. उत्तराखाली मात्र पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली होती : “दादा, हे चार घोडे कोणाचे?”

दादांना या प्रश्नाचे उत्तर देता आले नव्हते. ‘पद एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेले की त्याचे चिन्ह बदलते, म्हणून दहातून सहा वजा झाले’ एवढेच त्यांनी सांगितले होते, आणि ते चुकीचेही नव्हते. परंतु मुलीने विचारले होते ते निराळेच. कथेत सहा घोडे आहेत, दहा घोडे आहेत. चार घोडे कोठेच नाहीत. मग ज्या चाराने आपण चारशेला भागतो तो चार कशाचा? हाच प्रश्न मी नंतर आमच्या वर्गात विचारला. रेषीय बीजगणितातील सदिश-अवकाशांवर सफाईने बोलणारे विद्यार्थी क्षणभर गप्प राहिले. त्यांच्यापैकी बरेच जण उद्या मराठवाड्यातील लहानमोठ्या गावांच्या शाळांतून शिकवू लागतील आणि असे प्रश्न त्यांच्याही वाट्याला येतील. म्हणून हा विषय प्राथमिक असूनही या पत्रिकेत घेण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम अक्षरे बाजूस ठेवून विचार करू. घोड्याची किंमत ठाऊक नाही. आपण ती ५० रुपये आहे असे धरून पाहू. पहिल्याची संपत्ती ६०० रुपये होते, दुसऱ्याची ४०० होते. पहिला २०० रुपयांनी श्रीमंत ठरतो. म्हणजे अंदाज चुकला. आता किंमत ८० धरू. पहिल्यापाशी ७८० होतात, दुसऱ्यापाशी ७००. अंतर उरले ८० रुपयांचे. किंमत ३० रुपयांनी वाढविली तेव्हा अंतर १२० रुपयांनी घटले, म्हणजे किमतीच्या प्रत्येक रुपयामागे चार रुपयांनी घटले. उरलेले ८० रुपयांचे अंतर नाहीसे होण्यास किंमत आणखी २० रुपयांनी वाढली पाहिजे. म्हणून किंमत १०० रुपये.

येथे चार या संख्येचा अर्थ आपोआप उघड होतो. घोड्याची किंमत एक रुपयाने वाढली तर पहिल्याची संपत्ती सहा रुपयांनी वाढते, दुसऱ्याची दहा रुपयांनी. दुसरा दर रुपयामागे चार रुपये जवळ येतो. घोडा फुकट मिळत असता, म्हणजे क्ष शून्य असता, दोघांमध्ये चारशे रुपयांचे अंतर होते : एकाची तीनशेची पुंजी आणि दुसऱ्याचे शंभराचे ऋण. चारशेचे अंतर चाराच्या वेगाने तुटते, तेव्हा ते शंभर पावलांत संपते. ताडकळसच्या त्या मुलीला उत्तर द्यायचे तर एवढेच सांगावे लागेल की, ते चार घोडे दुसऱ्यापाशी जास्त असलेले घोडे होत, आणि त्यांच्याच जोरावर तो पहिल्याला गाठतो.

आता हेच आलेखावर मांडू. आडव्या अक्षावर घोड्याची किंमत क्ष आणि उभ्या अक्षावर संपत्ती य घेतली, तर पहिल्या माणसाची रेषा य = ६ क्ष + ३०० आणि दुसऱ्याची य = १० क्ष – १०० अशी येते. सहा आणि दहा हे या रेषांचे चढ आहेत. रेषेचा चढ म्हणजे आडव्या दिशेने एक पाऊल टाकले असता उभ्या दिशेने होणारा बदल. हीच व्याख्या मुळातली होय. दोन रेषा क्ष = १०० येथे, ९०० रुपयांच्या उंचीवर, छेदतात. समीकरण सोडविणे म्हणजे हा छेदनबिंदू शोधणे, आणि त्या रीतीत ज्या संख्येने आपण भागतो ती दोन चढांची वजाबाकी असते. शालेय पुस्तकात समीकरणे एका प्रकरणात असतात व रेषेचा चढ पुष्कळदा दुसऱ्याच वर्षाच्या भूमितीत येतो; त्यामुळे ही गाठ विद्यार्थ्याच्या नजरेस पडत नाही.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त एकवर्ण समीकरणाची जी रीत सांगितली आहे ती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. रूपांच्या, म्हणजे ज्ञात संख्यांच्या, अंतरास अव्यक्तांच्या अंतराने भागावे, मात्र एक अंतर ज्या क्रमाने घेतले त्याच्या उलट क्रमाने दुसरे घ्यावे, असा तिचा आशय आहे. आजच्या चिन्हांत, अ क्ष + ब = क क्ष + ड असेल तर क्ष = (ड – ब) ÷ (अ – क). छेदस्थानी दोन सहगुणकांचे अंतर आहे, ही गोष्ट तेथे सूत्रातच उघड सांगितली आहे. आपल्या ‘बाजू बदला, चिन्ह बदला’ या मंत्रात ती लपून जाते.

भास्कराचार्यांची मांडणी तर डोळ्यांनाच सांगणारी आहे. अव्यक्तास ते ‘यावत्तावत्’ म्हणतात व त्याचे पहिले अक्षर ‘या’ लिहितात. ज्ञात संख्येस ‘रू’ म्हणजे रूप. ऋणसंख्येच्या डोक्यावर टिंब देतात. दोन्ही पक्ष ते एकाखाली एक लिहितात : वर ‘या ६ रू ३००’, खाली ‘या १० रू १००’, व खालच्या शंभरावर टिंब. ‘या’खाली ‘या’ आणि ‘रू’खाली ‘रू’ आल्यामुळे समशोधन, म्हणजे दोन्ही पक्षांतून सारखेच काढून टाकणे, हे दोन स्तंभांतील दोन वजाबाक्यांचे काम होते. एका स्तंभात चार उरतात, दुसऱ्यात चारशे. या मांडणीत पद उचलून पलीकडे नेण्याचा भासही होत नाही. नववीच्या वर्गात निदान एक आठवडा तरी समीकरणे अशी वरखाली लिहून सोडवून पाहावीत, अशी माझी सूचना आहे.

हे उदाहरण ताडकळसच्या वहीत यावे यात एक प्रकारचे औचित्यही आहे. ‘बीजगणित’ हा भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग, तो ग्रंथ इ. स. ११५० मधला. पुढे १२०७ मध्ये त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावनजीक पाटण येथे आहे. ग्रंथाच्या अध्ययनाची परंपरा गोदातीरीही चालू राहिली. गोदावरीजवळच्या ‘पार्थपूर’ या गावी, म्हणजे अभ्यासकांच्या मते परभणी जिल्ह्यातीलच पाथरी येथे, ज्ञानराज नावाचा ज्योतिषी राहत असे. ‘सिद्धान्तसुन्दर’ हा त्याचा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. त्याचा पुत्र सूर्यदास याने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली आणि १५४१ मध्ये ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’. हा सूर्यदास गणिती तसा कवीही होता. त्याचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सुलट वाचले तर रामकथा आणि उलट वाचले तर कृष्णकथा सांगते. ‘लीलावती’तील विलोमविधी, म्हणजे उत्तराकडून उलट चालत मूळ संख्येपर्यंत जाण्याची रीत, ज्याने शिकविली असेल त्यालाच असे काव्य सुचावे, असा एक निरुपद्रवी तर्क करण्याचा मोह होतो.

तथापि येथे एक इशारा आवश्यक आहे. भास्कर किंवा सूर्यदास यांनी समीकरणाचा आलेख काढला, असे म्हणणे सर्वस्वी चूक ठरेल. दोन अक्ष घेऊन समीकरणाला वक्राचे रूप देण्याची कल्पना सतराव्या शतकात फर्मा आणि देकार्त यांच्या हातून आकारास आली. देकार्तची ‘भूमिती’ १६३७ ची. आपल्या ग्रंथांत जे आहे ते दोन निरनिराळ्या ठिकाणी आहे : समीकरणात सहगुणकांचे अंतर आणि छायागणितात उंची व अंतर यांचे प्रमाण. या दोहोंना एकाच चित्रात बसविणे हे नंतरचे काम आहे. पूर्वजांच्या गौरवासाठी तारखा मागे ढकलल्या म्हणजे त्यांनी खरोखर काय केले हे पाहण्याचे राहून जाते.

या ग्रंथाचा पुढचा प्रवासही मराठवाड्याला स्पर्श करून गेला आहे. १६३४-३५ च्या सुमारास अताउल्ला रशीदी याने ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर करून ते शाहजहानला अर्पण केले. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील बीबी-का-मकबऱ्याच्या दारावर स्थापती म्हणून ज्या अताउल्लाचे नाव कोरलेले आहे तो हाच, असे मानले जाते. एडवर्ड स्ट्रेची याने १८१३ मध्ये प्रसिद्ध केलेले इंग्रजी ‘बीजगणित’ या फारसी भाषांतरावरून झाले; कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून केलेले भाषांतर १८१७ चे. आणि १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे, त्या काळी उर्दू माध्यमातून शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी बीजगणिताचे नाव ‘जबर-ओ-मुकाबला’ असेच होते. नवव्या शतकातील अल्-ख्वारिज्मीच्या ग्रंथावरून आलेल्या या नावात दोन क्रिया आहेत. जब्र म्हणजे उणे असलेले भरून काढणे; आपल्या उदाहरणात शंभराचे ऋण फेडले की ६ क्ष + ४०० = १० क्ष उरते. मुकाबला म्हणजे समोरासमोर ठेवून सारखे सारखे कापणे. सहा घोड्यांविरुद्ध सहा घोडे गेले की चारशेसमोर चार घोडे उभे राहतात. ज्या आजोबांनी हे नाव अर्थासह शिकले असेल ते नातीच्या प्रश्नाला अडले नसते.

आता चढाकडे वळू. शाळेत विद्यार्थी चढाची व्याख्या दोन प्रकारे शिकतो. एक, रेषेवरील दोन बिंदूंच्या य-अंतरास क्ष-अंतराने भागावे. दुसरी, रेषेने क्ष-अक्षाच्या धन दिशेशी केलेल्या कोनाची स्पर्शज्या, म्हणजे टॅन, घ्यावी. दोन्ही व्याख्या एकच आहेत असे त्याला सांगितले जाते. परंतु घोड्यांच्या आलेखावर कोनमापक ठेवून पाहावा. आडव्या अक्षावर एका सेंटिमीटरला २० रुपये आणि उभ्या अक्षावर एका सेंटिमीटरला २०० रुपये असे प्रमाण घेतले, तर दुसऱ्या माणसाची रेषा कागदावर बरोबर ४५ अंशांनी चढते. ४५ अंशांची स्पर्शज्या एक. पण रेषेचा चढ तर दहा! प्रमाण बदलले की कोन बदलतो, चढ मात्र दहाच राहतो, कारण दहा ही त्या माणसाच्या घोड्यांची संख्या आहे आणि ती कागदावर अवलंबून नाही. कोनाची व्याख्या दोन्ही अक्षांवरचे एकक आणि प्रमाण एकच असेल तेव्हाच लागू पडते. ही अट पुस्तकांत सहसा गृहीत धरलेली असते, स्पष्ट केलेली नसते. पदव्युत्तर वर्गातही मी ही चूक पाहिली आहे, आणि खरे सांगायचे तर अध्यापनाच्या पहिल्या वर्षी ती स्वतः फळ्यावर केलीही आहे.

जमिनीवर मात्र ही अट आपोआप पाळली जाते, कारण तेथे उंचीही फुटांत आणि लांबीही फुटांत. म्हणून चढाचे दुसरे उदाहरण शेतातून घ्यावे. ताडकळसच्या परिसरात पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या एवढ्या साहित्यावर जमिनीचा उतार मोजता येतो; नळीच्या दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत राहते, आणि प्रत्येक काठीवर जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजली की दोन्ही उंचींतील फरक हाच त्या दोन जागांमधील उतार होय. समजा, दोनशे फुटांच्या तासात जमीन तीन फूट खाली जाते. उतार २०० मागे ३, म्हणजे शेकडा दीड. शेतकरी ‘उतार’ म्हणतो, आपण ‘चढ’ म्हणतो; वरून खाली चालत गेलो तर हा चढ ऋण शेकडा दीड, आणि त्याच तासाने उलट परतलो तर चढ धन होतो, असे विद्यार्थ्यांना वाटते. येथे थांबून विचारावे लागते. रेषेचा चढ चालणाऱ्याच्या दिशेवर ठरत नाही. आडव्या अक्षाची धन दिशा एकदा निश्चित केली की तो ठरला. उलट चालताना उंचीतील फरकाचे चिन्ह बदलते, तसेच आडव्या अंतराचेही बदलते, आणि भागाकार तोच राहतो. दोन बिंदूंपैकी पहिला कोणता व दुसरा कोणता याने फरक पडत नाही, हे पुस्तकातील वाक्य नुसते पाठ न करता बांधावर चालून पटविता येते.

शेताचे उदाहरण आणखी एका गोष्टीसाठी उपयोगी आहे. दर पन्नास फुटांवर मोजमाप घेतले आणि प्रत्येक वेळी बरोबर नऊ इंच उतार आला, तर ती जमीन रेषेसारखी आहे. कोणतेही दोन बिंदू घेतले तरी उत्तर तेच येणार. का येणार? याचे कारण समरूप त्रिकोण. रेषेवरील दोन बिंदूंमधून आडवी व उभी रेषा काढून जो काटकोन त्रिकोण होतो तो लहान असो वा मोठा, त्याचे कोन तेच राहतात, म्हणून बाजूंचे प्रमाणही तेच राहते. ‘रेषेचा चढ’ असा एकवचनी शब्दप्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला या प्रमेयाने दिलेला आहे. सिद्धता दोन ओळींची, परंतु वर्गात ती क्वचितच दिली जाते, आणि ती न दिल्यामुळे चढ हे केवळ एक सूत्र होऊन बसते.

जमीन मात्र बहुधा अशी आज्ञाधारक नसते. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८६३ मध्ये खुला झालेला हा चढ सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट उंची गाठतो. सोळा मैलांचे फूट ८४,४८०. त्यास १,८३१ ने भागले तर सरासरी चढ ४६ मध्ये १ असा येतो. परंतु मार्गाचा सर्वांत तीव्र भाग ३७ मध्ये १ असा आहे. इंजिनाला सरासरी चढत जावे लागत नाही. त्याला त्या ३७ मध्ये १ लाच तोंड द्यावे लागते. दोन बिंदूंमधील चढ आणि एका बिंदूपाशी असलेला चढ या दोन कल्पनांतील फरक येथे उभा राहतो आणि त्यातूनच पुढे अवकलनाचे दार उघडते. जाता जाता : रुळाच्या लांबीवरून मोजलेले ३७ आणि सपाटीवरून मोजलेले ३७ यांत भेद आहे, एक भुजज्येचा हिशेब, दुसरा स्पर्शज्येचा. कर्ण ३७ व उंची १ असता पाया सुमारे ३६.९९ येतो. इतक्या सौम्य चढावर हा फरक व्यवहारात दुर्लक्षणीय आहे.

छायागणिताचा उल्लेख वर आला. ‘लीलावती’त दिवा आणि शंकू यांचे एक उदाहरण आहे. साडेतीन हात उंचीवर दिवा, त्याच्या पायापासून तीन हातांवर बारा अंगुळांचा, म्हणजे अर्ध्या हाताचा, शंकू. तर शंकूची सावली किती? रीत अशी की, शंकूची उंची आणि अंतर यांचा गुणाकार करून त्यास दिवा व शंकू यांच्या उंचींच्या अंतराने भागावे. अर्धा गुणिले तीन, भागिले तीन. उत्तर अर्धा हात, बारा अंगुळे. चढाच्या भाषेत, दिव्यापासून शंकूच्या टोकापर्यंत प्रकाशकिरण तीन हात पुढे जाताना तीन हात खाली उतरतो. त्याचा चढ ऋण एक. म्हणून उरलेला अर्धा हात उतरण्यास त्याला अर्धाच हात पुढे जावे लागते. भागणारी संख्या येथेही एक अंतरच आहे. आणि मग कोणाही चौकस विद्यार्थ्याच्या मनात येईल तो प्रश्न आपणच विचारावा : दिवा शंकूच्याच उंचीवर ठेवला तर?

किरण आडवा जाईल. जमिनीला मिळणारच नाही. छेदस्थानी शून्य येईल. घोड्यांच्या उदाहरणात दोघांपाशीही सहा सहाच घोडे असते तर हेच झाले असते : ६ क्ष + ३०० = ६ क्ष – १००, चारशेचे अंतर आणि ते तुटण्याचा वेग शून्य. दोन रेषा समांतर. शून्याने भागिलेल्या अशा राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटले आहे, आणि तिच्यात काही मिळविले किंवा वजा केले तरी ती विकार पावत नाही असे सांगितले आहे. आजच्या अंकगणितात आपण ती क्रियाच निषिद्ध मानतो, आणि शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागिले असता मूळ राशी परत येते हे त्यांचे म्हणणे आपण स्वीकारीत नाही. तरीही सावली अमर्याद लांबते हे चित्र डोळ्यांसमोर असणाऱ्याला ‘उत्तर नाही’ या उत्तराची भीती वाटत नाही. दोघांचे घोडेही सारखे आणि पुंजीही सारखी असती तर दोन रेषा एकमेकींवर पडल्या असत्या आणि कोणतीही किंमत चालली असती. द्विवर्ण समीकरणांच्या जोडीला एक उत्तर, शून्य उत्तरे किंवा अनंत उत्तरे हा जो सिद्धांत आपण निर्धारकाच्या साहाय्याने शिकवितो, तो सगळा येथे सहा घोड्यांत सामावलेला आहे.

आडव्या रेषेचा चढ शून्य असतो आणि उभ्या रेषेला चढच नसतो, ही दोन विधाने विद्यार्थी नेहमी एकमेकांत मिसळतात. त्याचे कारण ‘काहीच नाही’ आणि ‘शून्य आहे’ यांतील भेद केवळ शब्दांत सांगितला जातो. सपाट शेतात नळीचे मोजमाप घेता येते व ते शून्य येते. विहिरीच्या उभ्या कडेवर आडवे पाऊल टाकताच येत नाही, म्हणून पावलागणिक बदल विचारण्याला अर्थ उरत नाही.

‘लीलावती’तील इष्टकर्माविषयीही याच अनुषंगाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका संख्येला पाचाने गुणून त्यातून त्याचाच तिसरा हिस्सा वजा केला, दहाने भागिले आणि मूळ संख्येचा तिसरा, दुसरा व चौथा हिस्सा मिळविला तर ६८ येतात. ती संख्या कोणती? येथे इष्ट ३ धरला तर सव्वाचार येतात, आणि त्रैराशिकाने ३ × ६८ ÷ ४.२५ = ४८ हे उत्तर एका अंदाजात मिळते. घोड्यांच्या उदाहरणात मात्र आपल्याला दोन अंदाज करावे लागले. असे का? संख्येच्या उदाहरणातील रेषा मूळबिंदूतून जाते : शून्य घातले तर शून्यच निघते. एक बिंदू फुकट हाती असल्यामुळे दुसरा एकच शोधावा लागतो. घोड्यांच्या उदाहरणातील अंतराची रेषा चारशेपासून सुरू होते, म्हणून तिला दोन बिंदू लागतात. त्रैराशिक ही मूळबिंदूतून जाणाऱ्या रेषेची रीत होय. तीत स्थिरपद शिरले की ती फसते. पाच तासांच्या नांगरणीला इतके, तर दहा तासांना दुप्पट, असा हिशेब ट्रॅक्टरवाला येण्याजाण्याचे वेगळे पैसे घेत असेल तर चुकतो, हे ताडकळसच्या मुलांना सांगावे लागत नाही.

भास्कराचार्यांच्या कौशल्याचा सर्वांत सुंदर नमुना दोन मित्रांच्या उदाहरणात आहे. एक म्हणतो, “मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन.” दुसरा म्हणतो, “तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन.” आपण लगेच क्ष आणि य घेऊन दोन समीकरणे मांडू. भास्कराचार्य एकच अव्यक्त घेतात, पण ते असे घेतात की पहिली अट आपोआप पाळली जावी : पहिल्याचे धन दोन यावत्तावत् उणे शंभर, दुसऱ्याचे एक यावत्तावत् अधिक शंभर. शंभर दिले-घेतले की एकाकडे दोन ‘या’ आणि दुसऱ्याकडे एक ‘या’ राहतो, दुप्पट झालेच. मग दुसरी अट लावली की ‘या’ ११० सह असलेली बाजू बारा ‘या’ उणे ६६० एवढी होते, अकरा ‘या’ म्हणजे ७७०, ‘या’ म्हणजे ७०. धने ४० आणि १७०. आपल्या भाषेत त्यांनी पहिली अट दर्शविणारी रेषा प्राचलाच्या रूपात लिहिली. ‘या’ एकाने वाढला की पहिल्याचे धन दोनाने आणि दुसऱ्याचे एकाने वाढते. म्हणजे त्या रेषेचा चढ अर्धा. त्या रेषेवरून चालत जाऊन दुसऱ्या रेषेला जेथे भेट होते तेथे ते थांबतात. सदिशांच्या साहाय्याने रेषेचे समीकरण शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण मूळ ग्रंथात अवश्य पाहावे.

त्या वहीचा वृत्तान्त अजून थोडा उरला आहे. वरील चर्चेनंतर आमचा विद्यार्थी पुन्हा गावी गेला आणि त्याने त्या मुलांना आलेख-कागदावर दोन्ही रेषा काढावयास लावल्या. घोड्याची किंमत १०० हून कमी असेल तर पहिला श्रीमंत, जास्त असेल तर दुसरा, हे त्यांनी न सांगता ओळखले. असमता हा शब्दही न वापरता असमतेचे उत्तर त्यांच्या हाती आले. घोड्याच्या उदाहरणाचे ‘बीजगणिता’त पुढे दोन प्रकार आहेत. पहिल्याच्या संपत्तीचे अर्ध आणि वर दोन रुपये एवढी दुसऱ्याची संपत्ती असेल तर किंमत ३६. पहिल्याची संपत्ती दुसऱ्याच्या तिप्पट असेल तर २५. तेही त्यांनी रेषा काढून केले. पहिल्या प्रकारात संपत्ती अर्धी करताच रेषेचा चढ सहावरून तीनवर आला आणि तुटीचा वेग चाराऐवजी सात झाला, हे त्या पेन्सिलीच्या प्रश्नवाल्या मुलीनेच दाखविले.

मग तिने स्वतः एक उदाहरण रचले. दुसऱ्यावर शंभराचे ऋण असण्याऐवजी त्याच्यापाशी रोख पाचशे रुपये असले तर? घोडे तेच, सहा आणि दहा. समीकरण ६ क्ष + ३०० = १० क्ष + ५००, आणि उत्तर क्ष = उणे ५०. रेषा छेदतात, पण उभ्या अक्षाच्या डावीकडे. वहीत तिने तो बिंदू ठळक काढून बाजूला लिहिले आहे : “घोडा घेणाऱ्यालाच पन्नास रुपये द्यावे लागतील.” ऋण उत्तराविषयी भास्कराचार्यांनीही वानरांच्या कळपाच्या उदाहरणात सावधगिरी दाखविली आहे. तेथे ५० आणि ५ अशी दोन उत्तरे निघतात, पण पाचाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा केले तर वानरांची संख्या ऋण होते, आणि असे उत्तर लोकांना पटत नाही म्हणून ते त्यांनी सोडून दिले. ताडकळसच्या मुलीने ते सोडले नाही. खाली एका म्हाताऱ्या घोड्याचे चित्र काढून ठेवले आहे.